मचूळ पाण्याची लादी

हल्ली पेपरात दर आठ-पंधरा दिवसांनी ध्रुवाकडच्या बर्फाची बातमी येते. समुद्रावरचा बर्फ कमी झाला, त्यामुळं वारे बदलले, त्यामुळं इकडं पाऊस लांबला किंवा नको तेवढा कोसळला. मी चष्मा पुसून ती बातमी शेवटपर्यंत वाचतो आणि शेवटी जिथं होतो तिथंच येतो. कारण खाली कुणीतरी शास्त्रज्ञ म्हणालेला असतो की नक्की सांगता येत नाही, अजून अभ्यास व्हायला हवा. घरातले वैतागतात. मला मात्र त्या माणसाचा राग येत नाही. बर्फानं माझाही असाच गोंधळ करून ठेवलाय, आणि तो त्र्याहत्तर सालापासून सुटलेला नाही.

तेव्हा मी दौंडला रेल्वेत नवीन लागलो होतो. गाव शिरूर तालुक्यात, न्हावऱ्यापासून थोडं आत. गावात आमची बौद्धांची वस्ती खालच्या अंगाला, ओढ्याकडं. सुट्टी मिळाली की दौंडहून केडगावपर्यंत पॅसेंजर, तिथून एस.टी. आणि पुढं पायी, असा माझा प्रवास. दुष्काळ चालू होता. गाडीतून दिसणारी रानं बघवत नव्हती, म्हणून मी गाडीत काही ना काही वाचत बसायचो.

असंच एकदा स्टेशनच्या बाकावर कुणीतरी विसरून गेलेलं मासिक हाती लागलं. चहा सांडून त्याची पानं एकमेकांना चिकटलेली. आत ध्रुवाकडच्या समुद्रावर एक लेख होता. हिवाळ्यात तिथला समुद्र गोठतो, गोठताना पाणी आपल्यातलं मीठ बाहेर ढकलतं, आणि ते खारट, जड, थंड पाणी खाली बुडून तळातळानं पार दुसऱ्या महासागरांपर्यंत सरकत जातं, असं त्यात लिहिलं होतं. नव्या बर्फात थोडा खारटपणा अडकून राहतो, पण बर्फ जुना झाला की तोही झिरपून जातो. मग तिकडचे लोक तो बर्फ वितळवून पितात. खाऱ्या समुद्राचा बर्फ, आणि पाणी गोड.

पुढं हवामानाचं होतं. शास्त्रज्ञ त्या बर्फावर तळ ठोकून बसलेत, यंत्रं लावतायत, कारण त्या बर्फाचा साऱ्या जगाच्या हवेशी संबंध असावा. काहींच्या मते पृथ्वी थंड होत चालली होती, काहींच्या मते उलट. आपल्या पावसाशी त्याचं काही नातं आहे का, यावर तर लेखकानं चक्क हात झटकले होते. मला संताप आला. इकडं लोक दुष्काळी कामांवर खडी फोडत होते आणि हे लोक बर्फावर बसून ‘असावा’ म्हणत होते. तरी मी तो लेख पुन्हा पुन्हा वाचला. माझ्या खोलीतला जोडीदार विचारायचा, ध्रुवावर बदली मागितलीस की काय.

माझं डोकं मात्र हवेवर नव्हतं, त्या गोड पाण्यावर होतं. कारण घरी आई पाण्यापायीच दुखण्यात पडली होती.

दुष्काळी कामातून आमच्या वस्तीत नवी विहीर खणली गेली. पाणी लागलं त्या दिवशी आम्ही गूळ वाटला. मग पाणी चाखलं तर मचूळ. डाळ शिजेना, साबणाला फेस येईना. आईला आधीपासून मुतखड्याचा त्रास होता, तो या पाण्यानं इतका वाढला की ती कंबर धरून भिंतीला टेकायची आणि घामानं भिजायची. शिरूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की भरपूर पाणी प्या, पण हे नको, चांगलं गोडं पाणी प्या. सांगायला काय जातंय.

गोडं पाणी गावात होतं. वरच्या आळीची जुनी विहीर तळाला गेली होती, पण आटली नव्हती. कायद्यानं ती सगळ्यांना खुली होती आणि तिथं कुणी आम्हाला नाहीही म्हणत नव्हतं. आमची बाई आली की वरच्या आळीतली एखादी लगबगीनं पुढं यायची, तुम्ही कशाला तरास घेता, मी घालते की, म्हणायची आणि स्वतःच्या पोहऱ्यानं वरून हंड्यात पाणी ओतायची. बोलणं इतकं लाघवी की भांडायला जागाच ठेवायची नाही. पण आमच्या बाईचा पोहरा काही त्या विहिरीत उतरायचा नाही. आईनं छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच ठरवलं होतं की वरून ओतलेलं पाणी पुन्हा घ्यायचं नाही. वस्तीतल्या बाकीच्या बायका अडल्या की जायच्या. आई कधी गेली नाही.

आता कुणीही विचारेल, की बाबा, दौंडच्या नळाचं पाणी डब्यातून का नेलं नाहीस? नेलं की. गोडेतेलाचे दोन डबे स्वच्छ घासून, भरून, खांद्याची सालटं काढत घरी नेले. आईनं शेजारपाजारच्या लेकुरवाळ्यांना तांब्या तांब्या वाटून टाकलं आणि स्वतः विहिरीचंच प्याली. दौंडला माझ्याकडं राहायला चल म्हटलं, तर चार दिवस राहून शेळ्यांच्या काळजीनं परत गेली. मी चिडलो. मरायचंय का तुला, असंही बोलून गेलो. तेव्हा तीही चिडली.

“सारी वस्ती ह्येच पिती आन् मी एकलीनं नळाचं पिऊ व्हय?” ती म्हणाली. “लई शिकलास ना? आपल्या हिरीचं ग्वाड करून दाव, मग पिते.”

तिनं ते रागानं म्हटलं होतं. मी मात्र तो लेख आठवत बसलो.

दौंडला स्टेशनच्या पलीकडं बर्फाचा एक खासगी कारखाना होता. तिथले मिस्त्री मूळचे उत्तरेकडचे. तिकिटांच्या निमित्तानं माझी त्यांची ओळख होती. पुढच्या खेपेला मी उलटी वारी केली. आमच्या विहिरीचं पाणी त्याच दोन डब्यांत भरून दौंडला आणलं आणि मिस्त्रींना म्हणालो, एवढ्याची लादी करून द्या. त्यांना वाटलं, काही नवस वगैरे असेल. मी ध्रुवाचं सांगायला गेलो आणि माझं मलाच ते धड सांगता येईना. ते मान हलवत राहिले आणि कोपऱ्यातला एक चेपलेला, आखूड साचा काढून आणला.

त्या कारखान्यात मी पहिल्यांदाच आत गेलो. अमोनियाच्या वासानं डोळ्यांना धारा लागल्या. लाकडी फळ्यांखाली मोठा हौद होता, त्यात मिठाचं पाणी खेळवलेलं आणि त्यात पत्र्याचे साचे उभे बुडवलेले. साच्यातलं साधं पाणी गोठत होतं, पण त्याहून गार असलेलं ते मिठाचं पाणी मात्र वाहतंच होतं. हे गोठत का नाही, मी विचारलं. मिस्त्री म्हणाले, मीठ आहे म्हणून. मग समुद्र कसा गोठतो? त्यावर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी साचे मोजायला लागलो.

लादी तयार झाल्यावर त्यांनी ती माझ्यापुढं ठेवली. कडेनं अगदी काचेसारखी, आणि मधोमध उभा पांढरा पट्टा. मी कडेचा कपचा तोंडात टाकला. गोड. मला नाचावंसं वाटलं. मग मधल्या पांढऱ्यातला टाकला आणि थुंकलो. विहिरीच्या पाण्याहून दुप्पट खारट-कडू. मिस्त्रींनी सहज सांगितलं की असं होतंच. कडेनं गोठत गोठत सगळी घाण मध्ये जमते, म्हणून ते नेहमी मधलं पाणी गोठायच्या आत उपसून टाकतात आणि तिथं ताजं घालतात. मग माझ्या लादीचं का नाही उपसलं?

“बाबूजी, आपका पानी था,” ते म्हणाले. “हम कैसे फेंक देते?”

माझं थेंबभरही पाणी त्या माणसानं कमी होऊ दिलं नव्हतं. त्या इमानदारीनं माझं सगळं मुसळ केरात गेलं होतं. मी लादी लाकडाच्या भुशात घातली, वर गोणपाट गुंडाळलं आणि तशीच घेऊन निघालो. ठेवून तरी कुठं ठेवणार होतो?

केडगावला एस.टी.त ओझं चढवताना कंडक्टरशी वाद झाला. पायांपाशी पाणी साचायला लागलं तशा बायका लुगडी सावरून मला बोलायला लागल्या. ऊन असं की खिडकीच्या गजाला हात लावता येत नव्हता. भुशातून धार लागलेली बघून मी गोणपाट पुन्हा पुन्हा आवळत होतो. घर येईपर्यंत चाराण्याच्या आकाराचा खडा उरला तरी पुष्कळ, असं मनाशी म्हणत होतो. सगळ्या गाडीला कळलं होतं की खालच्या वस्तीतला रेल्वेवाला बर्फ घेऊन चाललाय.

घरी गोणपाट सोडलं तर लादी पाट्याएवढी उरली होती. मधला पांढरा भाग होता, पण विरळ झालेला, जागोजागी भोकं पडलेला. भीत भीत त्यातला कपचा जिभेवर ठेवला. जवळजवळ गोड. मला आधी पटेना. पुन्हा चाखला. खारटपणा वाटेत झिरपून गेला होता, तो कंडक्टरच्या गाडीत आणि न्हावऱ्याच्या धुळीत सांडला होता. लेखात लिहिलेलं खरं होतं, आणि जो प्रवास लादीचा घात करेल म्हणून मी घाबरलो होतो त्यानंच ती गोड केली होती. आनंद झाला, पण डोकंही चालेनासं झालं.

आईनं पितळी पातेल्यात मोठा तुकडा ठेवला, लहान तुकडे वाटीत. वाटीतलं वितळल्यावर ती एक घोट प्याली आणि थांबली. आपल्याच हिरीचं? तिनं विचारलं. व्हय, म्हटलं. मग तिनं अर्धी वाटी संपवली. जवळच्या दोघी-तिघींना चाखायला दिलं. मला शाबासकी दिली नाही, ती तिची रीतच नव्हती, पण जाता जाता माझ्या पाठीवर हात ठेवला. आता तिला पुरेल एवढं पाणी पातेल्यात होतं, दोन-तीन दिवसांचं तरी, आणि ते ती पिणार होती. मी इतका सुखावलो होतो की पुढच्या खेपेला किती डबे न्यायचे याचे बेत करत होतो.

तेवढ्यात दारात आप्पा येऊन उभे राहिले.

वरच्या आळीतले मोठे बागायतदार, गावचं राजकारण त्यांच्या ओसरीवर चालायचं. सगळं गाव त्यांना आप्पा म्हणायचं. आमच्या वस्तीत ते मतं मागायला यायचे तेही वस्तीच्या तोंडाशी असलेल्या लिंबापर्यंतच. आज दारात आले होते, अंगात सदरा धड घातलेला नव्हता. त्यांची लेक बाळंतपणाला आली होती आणि बाळंतपणानंतर तिला जबर ताप भरला होता. डॉक्टरांनी डोक्याला बर्फ लावा, चोखायला द्या सांगितलं होतं, आणि शिरूरला माणूस पाठवला तर बर्फ संपलेला. एस.टी.तून उतरलेल्या कुणीतरी त्यांना माझं सांगितलं होतं.

आई उठली. पदर सावरून तिनं सरळ विचारलं.

“आप्पा, आमच्या हिरीच्या पाण्याचा हाय ह्यो. चालंल?”

“बर्फ हाय न्हवं?” आप्पा म्हणाले. “मग झालं. बर्फाला काय हुतंय.”

माझं डोकं सणकलं. मी काहीतरी बोलणार होतो, फार वाईट बोलणार होतो. पण आईनं वाकून पातेलं उचललं, तो मोठा तुकडा होता तेच, आणि तसंच आप्पांच्या हातात दिलं. आमचं पातेलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि जवळजवळ धावत गेले.

मी आईवर तुटून पडलो. ज्यांच्या बायका तुझ्या हंड्यात वरून पाणी ओततात त्यांना तू आपल्या तोंडचं दिलंस, असं आणि अजून बरंच बोललो. तिनं मला दोन शब्दांत गप्प केलं, की पोर तापलीय. मग वाटीतलं उरलेलं पाणी बघत बसली. वाटी हातात फिरवत म्हणाली, की तू शिकलायस, मला सांग, ह्यो बर्फ त्येंना चालतुया, त्येचं पाणी झाल्यावं चालंल का? ध्रुवाच्या लेखात सगळं होतं, हे नव्हतं. त्या दिवशी ती पुन्हा विहिरीचंच पाणी प्याली आणि सांजेला कळ उठल्यावर भिंतीला टेकली. मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांच्या मंडळी स्वतः आल्या. लेकीचा ताप उतरला होता, हे त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. हातात आमचं पातेलं, घासून लखलखीत केलेलं, वर धुवट फडकं. कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आमच्याकडची रीत. एरवी त्यात गूळ आला असता, शेंगा आल्या असत्या. त्या वर्षी कुणाच्याच घरात देण्यासारखं फारसं नव्हतं. पातेल्यात पाणी होतं, वरच्या विहिरीचं, काठोकाठ. ते घेऊन त्या भर सकाळी वस्तीतून चालत आल्या होत्या.

आई पातेल्याकडं बघत राहिली. हे पाणी वरून ओतलेलं नव्हतं, तिच्याच भांड्यात तिच्या दारात आलं होतं. घ्यावं की न घ्यावं, हे तिलाही ठरवता येत नव्हतं असं मला वाटलं. शेवटी तिनं पातेलं हातात घेतलं, खाली ठेवलं आणि ओंजळीनं एक घोट प्याली. तिचा चेहरा बदलला. तिनं पातेलं माझ्यापुढं केलं. मी प्यालो. मचूळ होतं. अगदी आमच्यासारखंच, कदाचित थोडं जास्तच.

आप्पांच्या मंडळींनी मान खाली घातली.

“संक्रांतीपास्नं असंच हाय, बाई,” त्या म्हणाल्या. “भाईर बोलायचं न्हाई, असं आळीत ठरलंय.”

म्हणजे इतके महिने आमच्या बायका मान खाली घालून हंडे पुढं करत होत्या ते मचूळ पाण्यासाठी. त्यांनाही ते कळलं असणार, पण गोड्या विहिरीवर जाऊन मचूळ पाणी आणलं हे घरी कोण सांगेल? आणि आई कळा सोसत जे पाणी नाकारत होती, ते नाकारण्यासारखं उरलंच नव्हतं. आई हसायला लागली. मला आधी वाटलं रडतेय. दोन्ही असेल.

मग ती उठली, कोपऱ्यातला दोर आणि पोहरा घेतला, हंडा काखेला लावला आणि चालू लागली. मी मागोमाग गेलो, कुठं निघालीस म्हणून विचारत. आप्पांच्या मंडळीही मागून येत होत्या. वरच्या विहिरीवर चार बायका होत्या. त्यातली एक नेहमीसारखी पुढं झाली आणि मी घालते म्हणाली. आईनं तिच्याकडं बघितलंही नाही. पाय घट्ट रोवून तिनं पोहरा आत सोडला. तो खडकावर आपटत खाली गेल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. आप्पांच्या मंडळी कठड्याशी उभ्या होत्या. त्यांनी आईला अडवलं नाही आणि हातही दिला नाही. दोघी बायका रिकामे हंडे उचलून निघून गेल्या. दुपारी त्यांना परत यावंच लागलं, कारण दुसरीकडं पाणी होतं कुठं.

पुढं पावसाळा बरा झाला. दोन्ही विहिरी भरल्या आणि दोन्हींचं पाणी सुधारलं. आईचं दुखणं कमी झालं, गेलं नाही. लादीचा प्रयोग मी पुन्हा दोनदा केला. एकदा गोड लागली, एकदा नाही, आणि का ते मला आजही सांगता येत नाही. पाऊस का लांबला आणि का आला, हेही त्या मासिकात कुठं नव्हतं. ध्रुवाचं खारं पाणी तळातळानं कुठल्या कुठं जातं म्हणे. आमच्या गावाखाली कुठलं पाणी कुठं जात होतं हे वरच्या आळीला माहीत नव्हतं, आम्हालाही नव्हतं.

पण त्या उन्हाळ्यातलं एक बोलणं सांगायचं राहून गेलंय. त्या सकाळनंतर आई रोज वरच्याच विहिरीवर जायला लागली. आमची विहीर दाराशी, ती पार चढ चढून. कंबरेत कळ आली की वाटेत दगडावर बसायची आणि पुन्हा उठायची. मला ते बघवेना. एक दिवस मी तिच्या हातातला दोर धरला आणि म्हणालो की आई, दोन्हीकडचं पाणी सारखंच मचूळ आहे, मग जिवाला एवढा त्रास कशाला?

तिनं दोर सोडवून घेतला.

“असू दे मचूळ,” ती म्हणाली. “तिथलं मचूळ बी आपलंच हाय.”